वडिलांच्या खोलीचा विषय थोरल्या भावाकडे नम्रतेने कसा काढावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील वारले, लालबागच्या चाळीचा पुनर्विकास ठरला, खोलीत राहणारे थोरले बंधू नवी जागा एकट्याच्या नावावर करू पाहतात, आणि आपण विषय काढला की ‘ख्रिस्ती माणसाला अशी हाव शोभत नाही’ असे ऐकवतात, तर कृपा आणि नम्रता राखायची म्हणजे गप्प बसायचे का?

माझ्या मते मुळीच नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने दुखावलेल्या माणसालाच उठून भावाकडे जायला सांगितले आहे, फक्त पहिली भेट दोघांचीच असावी, एवढी अट घातली आहे. ही अट मुंबईत वाटते तितकी सोपी नाही. दहा बाय बाराच्या खोलीत वहिनी, मुले आणि दाराशी डोकावणारे शेजारी असताना भाऊ जे बोलेल ते आपल्याशी कमी आणि त्यांच्यासमोर मान राखण्यासाठी जास्त असेल. म्हणून रविवारची उपासना आटोपल्यावर त्यांना चर्चच्या आवारात थांबवा किंवा दादर चौपाटीकडे चालत न्या. शेजारी शेजारी चालताना माणूस जरा मोकळा होतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर या विषयाचे एक अक्षरही टाकू नका.

आपल्या ख्रिस्ती घरांत टोमणा मारायची एक खास पद्धत आहे, ती मात्र कटाक्षाने टाळा. परळच्या एका नातेवाइकांकडे वर्षश्राद्धाऐवजी ठेवलेल्या स्मरण-प्रार्थनेत धाकटे चिरंजीव डोळे मिटून म्हणाले, “प्रभू, ज्यांची मने धनाने कठीण झाली आहेत त्यांना नम्र कर.” सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटले, थोरल्यांनी म्हटले नाही, आणि चहा न घेताच ते उठले. प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही, म्हणूनच तिच्या आडून वार करणे मला उघड भांडणापेक्षाही वाईट वाटते. जे देवाला ऐकवायचे सोंग करून भावाला ऐकवायचे आहे, ते सरळ भावालाच सांगावे.

बोलण्याआधी कागद पाहा, कारण नम्रतेचा बराचसा भाग इथेच येतो. खोली वडिलांच्या मालकीची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. त्यानुसार आई हयात असल्यास तिला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व अपत्यांना समान मिळते. खोली पागडीची असेल, तर भाडेकरूहक्काचे नियम निराळे आहेत आणि वडिलांच्या शेवटच्या काळात त्यांच्यासोबत कोण राहत होते याला तिथे फार महत्त्व येते. तेव्हा भावाची बाजू आपल्याला वाटते त्याहून भक्कम निघू शकते, आणि तशी ती निघाली तर ते मान्य करण्याची तयारी ठेवूनच वकिलाकडे जावे. आजारपणात वडिलांचे त्यांनी केले असेल, तर त्याचा उल्लेख सुरुवातीलाच आणि मनापासून करा. लगेच ‘पण’ जोडू नका.

बंधू कदाचित प्रेषित पौलाचे करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलेले शब्द काढतील, की भावाभावांनी न्यायालयात जाण्यापेक्षा अन्याय सोसलेला बरा. ते वचन ज्याने त्याने स्वतःला लावून घ्यावे. ज्याच्या ताब्यात खोली आहे त्याने ते दुसऱ्याला वाचून दाखवणे मला पटत नाही. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अब्राम वडीलधारा असूनही पुतण्या लोटाला जमिनीची पहिली निवड देतो, हे आपल्याकडचे थोरले सोयीस्करपणे विसरतात. अर्थात वाटणी मागणाऱ्यालाही लूकच्या बाराव्या अध्यायात दिलासा नाही: ‘माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा’ म्हणणाऱ्याला येशूने न्यायाधीश व्हायला नकार दिला आणि लोभापासून सांभाळायला सांगितले. म्हणून भेटीपूर्वी स्वतःशी ठरवा की आपल्याला जागेतला हिस्सा हवा आहे की भावाला खाली मान घालायला लावायची आहे. दुसरे असेल, तर भेट पुढे ढकललेली बरी.

पहिल्या भेटीत काही निघाले नाही, तर मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात पुढे आणखी एकदोघांना सोबत नेण्याची वाट दिली आहे. ती माणसे दोघांना मान्य असावीत, त्यांचा त्या खोलीत काडीचाही स्वार्थ नसावा, आणि ती येणार हे भावाला आधी कळवावे. हे सारे विकासकाच्या करारावर सह्या होण्यापूर्वी करा. नंतरचे बोलणे बहुधा वकिलांमार्फतच होते.