१४, १९, २७ : आईच्या सीए-१२५चं काय समजायचं?

प्रश्न : आईचं अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, सहा केमो झाल्या. आधी सीए-१२५ (या कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात ते प्रथिन) होतं ६४०. उपचारांनंतर १४ झालं, तीन महिन्यांनी १९, आता २७. या वेळी लॅब बदलली होती. रिपोर्टवर ‘३५ पर्यंत नॉर्मल’ असं आहे, तरी आई दोन रात्री जागी आहे. आजार उलटला का?

उत्तर : मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट माझ्या सहीने जातात. तुमच्या आकड्यांवरून आजार उलटला असं म्हणता येत नाही. उलटला नाही, असंही म्हणता येत नाही.

आधी २७ बाजूला ठेवा. प्रत्येक कंपनीचं किट वेगळं. एकच रक्त दोन यंत्रांवर लावलं तर आकडे वेगळे येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून काही आठवड्यांनी जुन्याच लॅबमध्ये तपासणी करा. तिथेही आकडा चढताच असेल, तर ३५ च्या आत असूनही मी तो गांभीर्याने घेईन. ३५ ही मर्यादा सगळ्यांसाठी आहे, तुमच्या आईची पातळी १४ आहे. उलट, एखाद्या वेळी ४० आलं म्हणजे कॅन्सरच असंही नाही. पोटाच्या, छातीच्या आतल्या अस्तराला सूज आली, पाणी झालं, लिव्हर बिघडलं, तरी हे प्रथिन वाढतं.

एक गोष्ट आवर्जून विचारते, कारण ती कुणी सांगत नाही : केमोनंतर केस यावेत म्हणून आई बायोटिनच्या गोळ्या घेतात का? काही यंत्रांवर बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे सीए-१२५ खोटं कमी दिसतं. रक्त देण्याआधी लॅबला तसं सांगा.

थांबल्याने उशीर होईल, ही भीती मला कळते. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात, केवळ सीए-१२५ वाढलं म्हणून लगेच केमो दिलेल्या बायका, लक्षणं दिसेपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. त्यामुळे फेरतपासणीपुरते काही आठवडे थांबायला हरकत नाही.

सगळे आकडे तारीख आणि लॅबच्या नावासह एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. मात्र पोट फुगत असेल, दोन घासांतच भरत असेल, दम लागत असेल, तर पुढच्या रिपोर्टची वाट पाहू नका, आईंना लगेच घेऊन जा.