वय २९, शुगर आहे, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिलीये. एवढ्या लहान वयात हार्टचा धोका खरंच असतो का?

हो, असतो. आणि गोळी चालू ठेवा असंच मी सांगेन.

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापूर्वी ऑफिसच्या चेकअपमध्ये शुगर निघाली, आता एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ६.९ आहे, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८, वजन ६६ म्हणजे जाड अजिबात नाही, वडिलांची ५१ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली, आणि घरचे म्हणतायत की शुगर तर कंट्रोलमध्ये आहे मग ही गोळी कशाला, एकदा लागली की सुटत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो आणि मला स्वतःला पण तिशीच्या आत टाईप टू डायबेटिस निघाला, आता चाळिशी ओलांडलीये, त्यामुळे घरातलं हे बोलणं मी पुरतं ओळखतो. डॉक्टर नाहीये मी, डोस आणि औषध ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण का दिलंय ते समजून घ्या.

आपल्याकडे शुगरवाला माणूस फक्त शुगर बघतो. लॅबमध्ये रोज बघतो मी, पंचविशी-तिशीतली पोरं येतात, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची करतात, चिठ्ठीवर लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची टेस्ट) लिहिलेलं असतं तरी म्हणतात ते राहू द्या, फक्त शुगर करा. लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन जातंय का ते बघणारी टेस्ट तर लिहून दिलेली असूनही कितीतरी जण करत नाहीत. हार्टच्या बाबतीत मात्र नुसत्या शुगरच्या आकड्यावर भागत नाही. शुगर जास्त राहिली की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब होतं हे खरंच आहे, पण टाईप टू मध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून लिव्हर ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) जास्त बनवतं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) खाली जातं आणि एलडीएलचे कण बारीक आणि घट्ट होतात, असे कण वाहिनीच्या भिंतीत जास्त सहज घुसतात. म्हणजे रिपोर्टवर एलडीएल बऱ्यापैकी दिसलं तरी आपल्यासाठी ते तेवढं निरुपद्रवी नसतं. त्यात बीपी वाढलं, तंबाखू आली, की सगळं मिळून काम करतं.

आणि लहान वय म्हणून सूट मिळत नाही, उलट तेच जास्त काळजीचं आहे. ज्याला साठीत शुगर निघते त्याच्या वाहिन्या तोपर्यंतची वर्षं शुगरविना काढतात, तुम्ही पंचेचाळिशीत पोचाल तेव्हा तुमच्या शुगरला सतरा-अठरा वर्षं झालेली असतील. अमेरिकेत टुडे नावाचा अभ्यास झाला, १० ते १७ वयात टाईप टू झालेली मुलं घेऊन त्यांचा पाठपुरावा केला, २०२१ मध्ये निकाल आले तेव्हा त्यांचं सरासरी वय फक्त २६ होतं आणि दोन तृतीयांश जणांना तोवर बीपी झालं होतं, निम्म्यांचं कोलेस्टेरॉल बिघडलेलं, काहींना तर हार्ट अटॅक आणि स्ट्रोक येऊन गेले होते. सव्विसाव्या वर्षी! मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

वजनाचं म्हणाल तर त्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली भारतीयांची चरबी पोटात आत, लिव्हरभोवती साठते आणि काटा काही बोलत नाही. म्हणून कंबर मोजा, पुरुषाला ९० सेंटीमीटर आणि बाईला ८० च्या वर गेली की आपल्या लोकांसाठी ती जास्तच धरतात.

आता गोळी. शुगर आहे, वडिलांना ५५ च्या आत हार्टचा त्रास झालाय आणि एलडीएल १३८, अशा वेळी विशी-तिशीतल्या माणसालाही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, देतात, यात तुमचे डॉक्टर काही जगावेगळं करत नाहीयेत. शुगरवाल्याचं एलडीएल ७० च्या खाली हवं असं आपल्याकडचे हार्टवाले डॉक्टर सांगतात, तुम्ही त्याच्या जवळपास दुप्पट आहात आणि तेलतूप बंद करून एवढं खाली येणं अवघड असतं कारण बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं. गोळी सोडली की आकडा परत वर जातो तो याच कारणाने, तिची सवय लागते असं काही नाही. स्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते हे खरं आहे, पण हार्टला होणारा फायदा त्यापेक्षा खूप मोठा आहे. अंग फार दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा गोळी बदलून देतात, आपणहून बंद करू नका. (कुणी मुलगी हे वाचत असेल आणि बाळाचा विचार चालू असेल तर मात्र स्टॅटिनबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. आणि पाळी चालू आहे तोवर बाईला अटॅक येत नाही यावर शुगर असताना अजिबात विसंबू नका, ते संरक्षण डायबेटिसमध्ये बरंच कमी होतं.)

सगळं एकत्र सांभाळलं तर किती फरक पडतो याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण डेन्मार्कचं आहे. स्टेनो-टू नावाच्या अभ्यासात टाईप टू असलेले आणि लघवीत अल्ब्युमिन जाणारे १६० जण होते, निम्म्यांना शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, खाणं, व्यायाम, सिगारेट सगळ्यावर एकदम उपचार आणि निम्म्यांना तेव्हाचे नेहमीचे. सुरुवातीपासून २१ वर्षांनी बघितलं तर पहिला गट जवळपास ८ वर्षं जास्त जगला होता. ती माणसं पन्नाशीतली होती, तुमच्या हातात तर अजून कितीतरी वेळ आहे. टाईप वनवाल्यांसाठी (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) पण अशीच चांगली बातमी आहे, अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी नावाच्या अभ्यासात (१९८३ ते १९९३) ज्यांनी तरुणपणी शुगर कडक सांभाळली त्यांना पुढे हार्टचे आणि वाहिन्यांचे त्रास ४२ टक्के कमी झाले.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा एलडीएल कितीवर आणायचंय ते विचारा, बीपी १३०/८० च्या खाली आहे का ते बघा, लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन टेस्ट वर्षातून एकदा कराच, ती ३० च्या वर गेली तर किडनीबरोबर हार्टचीही काळजी घ्यायची वेळ आली असं समजा. सिगारेट, गुटखा, तंबाखू काहीही असेल तर आधी ते सोडा, यावर मी काही सवलत देणार नाही. ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो बऱ्याचदा पुढच्या अटॅकबद्दल काहीच सांगत नाही.

आणखी एक, शुगरवाल्याला छातीत दुखलंच पाहिजे असं नसतं कारण नसा कमजोर झालेल्या असतात. नुसतीच धाप, दरदरून घाम, मळमळ, जबडा किंवा हात जड होणं, असं काही अचानक झालं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन करा आणि ईसीजीची सोय असेल तिथे जा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

शेवटी तुम्ही धाकट्या भावाचं विचारलंय, तो २४ चा आहे आणि काही त्रास नाहीये तरी टेस्ट करायची का. करा. वडिलांचा हार्ट आणि सख्ख्या भावाची शुगर एवढं कारण पुरे आहे. एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, बीपी, कंबर, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा कण), तो जवळपास सगळा आनुवंशिक असतो आणि साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही, लॅबला वेगळा सांगावा लागतो. तो तुमचा पण करून घ्या, दोघांचा एकाच दिवशी होईल.