'संक्रांत कोसळणे' पानिपतावरून आलं का?

प्रश्न असा: पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, म्हणजे ऐन संक्रांतीला. मग 'अमक्यावर संक्रांत कोसळली' असं आपण म्हणतो, ते तेव्हापासूनच ना?

नाही. आणि याचं मुख्य कारण म्हणजे त्या दिवशी संक्रांत नव्हतीच.

आपली संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर ठरते आणि इंग्रजी तारखांच्या हिशेबात ती साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. तिथून १०२ वर्षं मागे गेलं की संक्रांत येते १० जानेवारीच्या आसपास. म्हणजे भाऊसाहेबांचं सैन्य अब्दालीवर चालून गेलं तेव्हा सण उलटून तीन-चार दिवस झाले होते. त्या काळची माणसं तो दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, शके १६८२ असाच सांगणार. १४ जानेवारी आणि संक्रांत ही सांगड आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरनं घातलेली आहे.

मग शब्द आला कुठून? पंचांगातलं संक्रांतीचं पान उघडा. तिथे संक्रांत ही देवी आहे. तिचं वाहन कोणतं, वस्त्र कोणत्या रंगाचं, हातात काय, ती कुठून आली, कुठे चालली आणि कोणत्या दिशेला पाहते, हे सगळं लिहिलेलं असतं. तिनं जे घेतलं ते महागणार, जिकडे तिची नजर तिकडे पीडा, असं त्याचं फळ सांगतात. माझी आजी पौष लागला की विचारायची, "यंदा संक्रांत कशावर गं?" पिवळं नेसून आली असं कळलं, की त्या वर्षी हळदीकुंकवाला घरातली पिवळी लुगडी पेटीतून बाहेर निघत नसत. 'संक्रांत येणे' या म्हणण्याची सगळी सामग्री या 'कशावर'मध्येच आहे. त्यासाठी लढाई लागत नाही.

पानिपतानं मराठीला जे खरोखर दिलं, ते मला याहून मोलाचं वाटतं. 'पानिपत होणे' तर आहेच, पण 'विश्वास गेला पानिपतात' या तीन शब्दांत नानासाहेब पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आहे, भर लढाईत गोळी लागून पडलेला. उसनवारीवर माल मागणाऱ्याला दुकानदार आजही हे सहज ऐकवतो. घरात जाणतं पोर गेल्याचं दुःख बोलीत इतकं मुरलं, की आता ते दुःख आहे हेच जाणवत नाही.

वापरताना एवढा फरक सांभाळावा: नोकरीवर संक्रांत येते तेव्हा नोकरी अजून असते, धोक्यात असते. निवडणुकीत पक्षाचं पानिपत होतं तेव्हा वाचवायला काही उरलेलं नसतं.