एम ११०२ ट्रेलरचे टायर बदलायचेत? टायर नंतर, आधी रिम ठरवा

तुमचा प्रश्न असा की लिलावातून अमेरिकी लष्कराच्या हम्वी गाडीमागचा एम ११०२ ट्रेलर घेतलाय, ३७ इंची टायरांना भेगा पडल्यात, साडेसोळा इंची टायर बाजारात धड मिळत नाहीत, तर त्याच रिमवर साधे १६ इंची टायर चढवले तर चालेल का, आणि नाही तर पिकअपचीच चाकं ट्रेलरला लावावीत का.

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: नाही. आणि हे मी "शक्यतो टाळा" अशा अर्थाने नाही म्हणत. १६ चा टायर १६.५ च्या रिमवर कधीच चढवायचा नाही, कुणी कितीही सांगितलं की आमच्याकडे चाललाय तरी. फरक अर्ध्या इंचाचा वाटतो पण खरा फरक रिमच्या ज्या कडेवर टायरचा बीड (टायरची तार घातलेली आतली कड) बसतो तिच्या उताराचा आहे. १६ च्या रिमला तो उतार ५ अंशांचा असतो, १६.५ ला १५ अंशांचा. टायर चढतो, हीच तर गोम आहे, चढतो म्हणून माणसाला वाटतं की बसला. हवा भरत गेलात की बीड जागेवर बसत नाही, मग माणूस अजून थोडी हवा मारतो, आणि बीडमधली तार तुटली की टायर तिथेच फुटतो, हवा भरणाऱ्याच्या तोंडासमोर. यात लोकांचे जीव गेलेत. बऱ्याच १६ इंची एलटी (लाइट ट्रक) टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, ही सूचना छापलेली असते, ती उगाच नाही. तुमच्या बाबतीत मोह जास्त आहे कारण हम्वीची रिम दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली, त्यामुळे टायर आत घालायला काही जोरच लागत नाही. म्हणून हे आधी सांगितलं, बाकी सगळं नंतर.

त्याच रिमबद्दल दुसरी गोष्ट, हीसुद्धा जिवाचीच. चाकाकडे समोरून बघा. नटांची दोन वर्तुळं दिसतील. आतलं आठ नटांचं, ते चाक हबला धरून ठेवतं. बाहेरचं जे वर्तुळ आहे (जुन्या रिमला ८, नंतरच्यांना १२, अगदी अलीकडच्यांना २४) ते रिमचे दोन अर्धे एकमेकांना धरून ठेवतं. टायरमध्ये हवा असताना बाहेरच्या वर्तुळाला पाना लावायचा नाही. चाक नुसतं काढायचं असलं तरी आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, पिन काढल्यावर वॉल्व्हमध्ये बारीक तार घालून बघा की माती-गंजाने बुजलेला तर नाही, आणि मगच हात लावा. टायर बदलून त्याच रिम ठेवणार असाल तर दोन अर्ध्यांमधली रबरी ओ रिंग नवी टाका, जुनी परत बसवू नका. आणि हे काम गल्लीतल्या कुठल्याही टायरवाल्याकडे देऊ नका, आधी विचारा की दोन तुकड्यांची रिम कधी हाताळलीय का, हवा भरताना टायर ठेवायचा लोखंडी पिंजरा आहे का. नाही म्हणाला तर दुसरा शोधा.

आता टायर खरंच गेलेत का ते. सरप्लस, म्हणजे लष्कराने काढून टाकलेले, टायर फार फसवतात, कारण त्यांची नक्षी जवळपास नवी असते. ट्रेलर वर्षानुवर्षं यार्डात एका जागी उभा, चाललेला कमी, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर मेलेलं. अंगठा साइडवॉलवर दाबून बाजूला ओढा, बारीक रेषांच्या भेगा उघडतात का बघा. नक्षीच्या खाचांच्या तळाशी बघा, आणि बीडच्या जवळ, रिमला टेकतो तिथे, कारण सगळ्यात वाईट भेगा तिथेच असतात आणि चाक लावलेलं असताना त्या नीट दिसतही नाहीत. मग डॉट कोड शोधा, म्हणजे टायरवर DOT अक्षरांनंतर छापलेला कोड, त्यात बनल्याची तारीख असते. पूर्ण कोड बऱ्याचदा आतल्या बाजूला असतो, टॉर्च घेऊन खाली आडवं व्हावं लागतं. शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३४१२ म्हणजे २०१२ सालचा चौतिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, पुढे काही बघायची गरज नाही. बऱ्याच टायर कंपन्या जास्तीत जास्त १० वर्षं सांगतात, ट्रेलरसाठी मी त्याच्याही बराच आधी बदलतो, कारण ट्रेलरचा टायर फुटला की ड्रायव्हरला उशिरा कळतं आणि तोवर मडगार्ड, ब्रेकची लाइन, सगळ्याचा चेंदामेंदा झालेला असतो.

तर रिम. तुमच्यापुढे माझ्या मते तीनच रस्ते आहेत.

एक, आहे ती रिम ठेवायची आणि ३७ बाय १२.५ आर १६.५ चेच टायर शोधायचे. लष्कराने काढलेले टायर मिळतात, त्यातले ताज्या तारखेचे निवडून घ्यायचे. ट्रेलर अजूनही हम्वीच्याच मागे जाणार असेल, किंवा तुम्हाला तो मूळ रूपातच हवा असेल, तर हेच करा. या ट्रेलरची चाकं हम्वीच्या चाकोरीतून जावीत म्हणूनच त्याची रुंदी तशी ठेवलेली आहे, वाळूत आणि चिखलात त्याचा फायदा खरोखर कळतो. पण तुम्ही पिकअपने हायवेवर ओढणार आहात, तेव्हा हा रस्ता तुमचा नाही असं मला वाटतं, पाच-सात वर्षांनी परत हीच शोधाशोध करावी लागणार.

दोन, हमर एच१ च्या नंतरच्या गाड्यांची १७ इंची चाकं. त्यांचा बोल्ट पॅटर्न (हबवर किती बोल्ट, किती व्यासाच्या वर्तुळावर) तोच आणि चाक आत बसण्याची खोलीही हम्वीसारखीच, आणि ३७ बाय १२.५ आर १७ चे टायर भरपूर कंपन्यांचे मिळतात. उंची तीच राहते, ट्रेलर दिसतोही तसाच. चाकं मिळाली तर उत्तम उपाय, पण स्वस्त नाही.

तीन, साधी एक तुकड्याची स्टीलची रिम, १६ किंवा १७ इंची, आणि त्यावर एलटी टायर. तुमच्या वापराला मी हेच सुचवेन, पण इथेच मापं घ्यायला लागतात, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

बोल्ट पॅटर्न ८ बाय ६.५ इंच आहे, म्हणजे १६५.१ मिमी. आठ स्टड (हबवरचे बोल्ट) असले की मोजणं सोपं, समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत. २०१० पर्यंतच्या जीएमच्या हेवी ड्यूटी पिकअप, डॉज-रॅमच्या हेवी ड्यूटी, आणि १९९७ पर्यंतच्या फोर्डच्या एफ २५० हेवी ड्यूटी नि एफ ३५०, यांचा हाच पॅटर्न. १९९९ पासूनच्या फोर्ड सुपर ड्यूटीचा मात्र ८ बाय १७०, आणि २०११ पासूनच्या जीएमचा ८ बाय १८०. १७० आणि १६५.१ मध्ये पाच मिमीचाही फरक नाही, नुसत्या डोळ्याने कळत नाही, आणि ओढून-ताणून नट लागल्यासारखेही वाटतात. लागले म्हणजे बसले नाहीत. स्टड तिरके ताणले जातात आणि कधीतरी भर रस्त्यात तुटतात. तुमची पिकअप नवी सुपर ड्यूटी आहे असं लिहिलंय, म्हणजे तिची चाकं ट्रेलरला लागणारच नाहीत, तो प्रश्न इथेच संपला. अडॅप्टर लावून लागतील, पण ट्रेलरला मी अडॅप्टर सुचवत नाही, चाकाआड लपलेले आठ नट परत कोण तपासणार? एकच स्टेपनी दोन्हीकडे चालावी हा विचार चांगला आहे, पण त्यासाठी एवढं करू नये.

मग ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेला आहे (बाहेरच्या बाजूला असेल तर पॉझिटिव्ह). हम्वीचं चाक हबवर खूप आत बसतं. रिमच्या आतल्या काठापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर जवळपास ७ इंच आहे. जुन्या पिकअपचं साधं चाक घेतलंत आणि त्याचं हे अंतर साडेचार-पाच इंच असेल तर टायर दोन्ही बाजूंनी चांगलाच बाहेर येतो, मडगार्डच्या बाहेर डोकावतो, आणि वजनाची रेषा बेअरिंगपासून लांब सरकल्यामुळे बाहेरच्या बेअरिंगवर भार वाढतो. म्हणून नव्या धाटणीच्या, जास्त पॉझिटिव्ह ऑफसेटच्या रिम बघा. ते आतल्या काठापासूनचं अंतर काढायचा हिशोब सोपा आहे: रिमच्या लिहिलेल्या रुंदीत एक इंच मिळवा, निम्मं करा, त्यात ऑफसेट इंचात मिळवा. ८ इंची रिम, ४४ मिमी ऑफसेट, म्हणजे साडेचार अधिक १.७, एकूण ६.२ इंच. हे ठीक आहे. विकत घ्यायच्या आधी एक रिम टायरशिवाय हबवर लावून हाताने पूर्ण फिरवून बघा, मधलं भोक हबच्या टोपणावरून जातंय का, आतून ब्रेकला कुठे घासतंय का. पाच मिनिटांचं काम आहे. आणि नटाचा कोन रिमच्या भोकाशी जुळतोय ना तेही तेव्हाच बघा.

वजनाचं बघू. एम ११०१ चं एकूण वजन ३४०० पौंड धरलेलं आहे, तुमच्या एम ११०२ चं ४२००. प्लेटवर वाचून खात्री करा. दोन चाकं, म्हणजे एका चाकावर २१०० पौंड. थोडा भार हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) जातो पण तो मी हिशोबात धरत नाही, उलट वर २०-२५ टक्के जास्तच धरतो, कारण माल कधीच दोन्ही बाजूंना सारखा भरला जात नाही. एलटी २३५/८५ आर १६, लोड रेंज ई (भार क्षमतेची श्रेणी), हा टायर ८० पीएसआय हवेला ३०४२ पौंड उचलतो, ६५ ला २६२३, ५० ला २२०५. म्हणजे पूर्ण भरलेल्या ट्रेलरला ६५ ठेवलंत तरी तुम्ही निवांत आहात, आणि रिकामा नेताना कमी हवा ठेवलीत तर तो दगडासारखा उडत नाही. अरुंद टायर चिखलात कमी तरंगतो हे खरं, पण हायवेवर हलका ओढतो. हवा ६५ च्या वर नेणार असाल तर साधे रबरी वॉल्व्ह चालत नाहीत, जास्त दाबाचे किंवा धातूचे बसवून घ्या, आणि रिमवर छापलेला दाबही बघा.

एसटी, म्हणजे खास ट्रेलरसाठीचे, टायर घ्यावेत का? भार उचलायला उत्तम, साइडवॉल कडक, पण वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ६५ मैलांच्या वर पळवायचे नाहीत असं धरून चाला, आणि कच्च्या रस्त्यावर दगडधोंड्यात मला एलटीच बरे वाटतात. कारचे पी छापाचे टायर नकोतच, ट्रेलरला लावले तर त्यांची क्षमता १.१० ने भागून धरावी लागते आणि साइडवॉलही मऊ. एका एक्सलवर एक बायस आणि एक रेडियल (आतल्या धाग्यांची मांडणी वेगळी असलेले दोन प्रकार) असं कधी करू नका.

उंची. ३७ चा टायर प्रत्यक्षात साडेछत्तीसच्या आसपास भरतो, २३५/८५ भरतो ३१.७, निम्मा फरक म्हणजे ट्रेलर साधारण २.४ इंच खाली येईल. पिकअपच्या मागे हे सोयीचंच पडतं, पण पिंटलची, म्हणजे पिकअपमागच्या हुकची, उंची परत मोजा. लुनेट रिंग (ट्रेलरच्या टोकाची कडी) हुकमध्ये असताना ट्रेलरची चौकट जमिनीला समांतर हवी. नाक खाली किंवा वर राहिलं तर वजन पुढेमागे सरकतं, आणि या ट्रेलरला सर्ज ब्रेक आहेत, म्हणजे गाडी थांबली की ट्रेलरच्या पुढे ढकलण्यानेच लागणारे, त्याचा दांडा सरळ रेषेत ढकलला गेला तरच ब्रेक नीट लागतात.

चाकं काढलीच आहेत तर बेअरिंग उघडून बघा, जुनं ग्रीस बहुतेक वेळा वाळून मेणासारखं झालेलं असतं, धुऊन नवं भरा, सील बदला. नट टॉर्क रेंचनेच, समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, आणि ५० मैल झाल्यावर परत एकदा. नवी रिम रंगवलेली असेल तर रंग दबतो आणि नट हमखास सैल पडतात.

बाकी कुणाकडे जीपच्या घराण्यातला जुना एम १०० किंवा एम ४१६ असेल तर तिथे गणित वेगळं. मूळ टायर ७.००-१६, पाच स्टड, साडेपाच इंच. तिथे १६ ची रिम आहे त्यामुळे निवड सोपी, २१५/८५ आर १६ उंचीला जवळपास तोच. पाच स्टड असले की समोरासमोर मोजता येत नाही, शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर घ्यायचं, साडेपाचच्या पॅटर्नला ते ३.२३ इंच येतं. आणि जुन्या ट्रेलरच्या डाव्या चाकाला उलट्या आट्यांचे स्टड असू शकतात, टोकावर एल कोरलाय का बघा, नाहीतर सोडवायच्या नादात आवळत बसाल आणि स्टड तोडाल.

तुमच्या प्लेटचा, हबचा आणि डॉट कोडचा फोटो टाका, आणि रिम घेणार असाल तर तिच्या मागे कोरलेली रुंदी, ऑफसेट नि भार क्षमता लिहा. मी बघून सांगतो. तोपर्यंत त्या भेगाळलेल्या टायरांवर माल भरून हायवेला नेऊ नका.