घर आमच्या नावावर करून घ्यावं का?

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ इंग्लंडमध्येच स्थायिक आहोत. वडील गेल्या वर्षी गेले आणि मृत्युपत्रानुसार सगळं आईला मिळालं. आई ८१ वर्षांची असून हॅरोच्या घरी एकटीच राहते. घराची किंमत साधारण ६,२०,००० पौंड, बँकेत ९०,०००, शिवाय पुण्यात लाखभर पौंडांचा फ्लॅट. हल्ली तिला बरंच विसरायला होतं. भाऊ म्हणतो, वारसा कर आणि केअर होमचा खर्च वाचवायचा तर घर आत्ताच आपल्या नावावर करून घेऊ. करावं का?

उत्तर : करू नका. आधी कराचा हिशेब पाहू. प्रत्येकाला ३,२५,००० पौंडांपर्यंत वारसा कर लागत नाही, आणि राहतं घर मुलांना जात असेल तर आणखी १,७५,००० ची सूट मिळते. वडिलांनी सगळं पत्नीला दिल्यामुळे त्यांच्या दोन्ही सवलती न वापरता राहिल्या. त्या आईच्या नावे मागता येतात. एकूण झाले दहा लाख. आईची मालमत्ता पुण्याच्या फ्लॅटसह आठ लाख दहा हजार, म्हणजे कर शून्य. मात्र या सवलती मागाव्या लागतात : आईच्या पश्चात दोन वर्षांच्या आत, वारसा कराच्या आयएचटी ४०२ आणि ४३६ या फॉर्मवर. वडिलांचं मृत्युपत्र, प्रोबेट (मृत्युपत्रावरचं कोर्टाचं शिक्कामोर्तब), मृत्यूचा आणि लग्नाचा दाखला आत्ताच एका फाइलीत लावून ठेवा. कपाट आवरताना हेच कागद टाकून दिले जातात.

घर नावावर केलं आणि आई भाडं न देता तिथेच राहिली, तर करखात्याच्या लेखी ते घर आईचंच. एरवी भेट दिल्याला सात वर्षं झाली की तिच्यावर वारसा कर लागत नाही, पण इथे सात वर्षं उलटली तरी सुटका नाही. केअरच्या खर्चासाठी तर सात वर्षांचा नियमच नाही. खर्च टाळायला घर दिलं असं स्थानिक कौन्सिलला वाटलं, तर ते अजून आईचंच आहे असं धरून हिशेब होतो. विसरभोळेपणा सुरू झाल्यावर केलेल्या हस्तांतराचा हेतू कुणालाही कळतो. वर तुमचा घटस्फोट झाला किंवा दिवाळं निघालं, तर आईचं छप्परही त्यात अडकतं.

खरी काळजी केअरच्या खर्चाची करा. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांच्या वर शिल्लक असेल तर खर्च स्वतःचा. पुण्याचा फ्लॅटही मोजला जातो. पण आई घरीच राहून मदत घेत असेल, तर राहतं घर हिशेबात धरत नाहीत. कायमची केअर होममध्ये गेली की धरतात. साठीच्या पुढचा नातेवाईक आधीपासून तिथे राहत असेल तर तेव्हाही नाही. घर लगेच विकायचं नसेल तर कौन्सिलकडे खर्च पुढे ढकलण्याच्या कराराविषयी विचारा. घरावर बोजा चढतो आणि व्याज लागतं.

तीन कामं याच महिन्यात करा. पहिलं, कौन्सिलकडून गरजांची तपासणी मागा. पैसे किती आहेत हे न पाहता ती करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दुसरं, अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे देखभालीची गरज असलेल्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता : २०२५-२६ मध्ये आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड, शिल्लक कितीही असो. अर्ज बहुतेकदा फसतो तो उत्तरांमुळे. आपल्या आया ‘माझं मी करते’ म्हणतात आणि मुलं तेच लिहितात. ‘गोळ्या दिवसातून तीनदा आठवण केल्याशिवाय घेत नाही, गेल्या आठवड्यात दोनदा गॅस चालू राहिला’ असं लिहा. वाईट दिवस लिहा, पण खोटा नको. डिमेन्शियाचं निदान झालं, डॉक्टरांनी तसा दाखला दिला आणि हा भत्ता मिळत असला, तर एकट्या राहणाऱ्या आईचा कौन्सिल टॅक्सही (घरावरचा स्थानिक कर) माफ होऊ शकतो.

तिसरं सर्वांत तातडीचं : लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे आईचं भान हरपल्यावरही तिच्या वतीने निर्णय घेता येतील असं मुखत्यारपत्र. पैशांची एक, आरोग्याची एक, अशा दोन. सही करताना आईला त्याचा अर्थ कळायला हवा. ती वेळ निघून गेली की कोर्ट ऑफ प्रोटेक्शनचा लांब आणि महागडा रस्ता उरतो.

प्रश्न : मग पुण्याच्या फ्लॅटला तीच पॉवर चालेल?

उत्तर : त्यावर विसंबू नका. आणि भारतातलं साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान हरपलं की कायद्याने संपतं, म्हणून केवळ मुखत्यारपत्र करून निर्धास्त होऊ नका. आई सही करू शकते तोवर फ्लॅट विकायचा की ठेवायचा हे तिलाच ठरवू द्या, आणि तिथल्या वकिलाकडून भारतातल्या मालमत्तेचं वेगळं मृत्युपत्र करून घ्या. एका मृत्युपत्राने दुसरं रद्द होणार नाही असं दोन्हींत स्पष्ट लिहा. भारतात १९८५ पासून मृत्युकर नाही. मात्र आई वर्षानुवर्षं ब्रिटनमध्ये राहत असल्याने हा फ्लॅट तिथल्या हिशेबात सहसा येतो. तो लपवू नका.