फुकटचं कुलूप हलकं असतं का?

प्रश्न : आम्ही देवगडहून आंब्याच्या पेट्या, आमरसाचे डबे आणि कोकम आगळ विकतो. तीन वर्षांपूर्वी भाच्याने वेबसाइट करून दिली. अलीकडे ती फोनवर उघडली की वर ‘नॉट सिक्युअर’ असं येतं. ठाण्याच्या एका गिऱ्हाईकाने तर विचारलं, ‘‘पत्ता भरू की नको?’’ साइट सांभाळणारा म्हणतो, वर्षाला साडेसात हजारांचं एसएसएल सर्टिफिकेट घ्या. भाचा म्हणतो, ते फुकट मिळतं. फुकटचं कमजोर असतं का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, भाच्याचं ऐका.

सर्टिफिकेट नसलेल्या साइटवर गिऱ्हाईक नाव, पत्ता, मोबाइल नंबर भरतं, तेव्हा ते एसटीच्या ड्रायव्हरकडे उघडी पिशवी दिल्यासारखं असतं. पोचते, पण वाटेत कोणीही डोकावू शकतं. सर्टिफिकेट बसलं की पिशवी शिवून जाते. क्रोम ब्राउझरने जुलै २०१८पासून अशा सगळ्या उघड्या साइटवर ‘नॉट सिक्युअर’चा शिक्का मारायला सुरुवात केली. तुमच्या साइटवर तो पहिल्या दिवसापासून असणार, विचारणारं गिऱ्हाईक आता भेटलं.

आता साडेसात हजारांचं. माहिती कोणत्या गणिताने बंद करायची, हे गिऱ्हाईकाचा ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर, म्हणजे तुमची साइट ठेवलेला संगणक, आपसात ठरवतात. सर्टिफिकेट कितीला घेतलं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५पासून सगळ्यांना मोफत सर्टिफिकेट देते आणि जगभरातल्या कोट्यवधी साइट त्यावर चालतात. महागड्या प्रकारात कंपनीची कागदपत्रं तपासतात, हे खरं. पूर्वी त्याबद्दल ब्राउझरमध्ये वर, साइटच्या पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव हिरव्या अक्षरांत दिसायचं. २०१९मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने ते तिथून काढून टाकलं. म्हणजे जास्तीचे पैसे मोजूनही ठाण्याच्या गिऱ्हाईकाला वेगळं काही दिसणार नाही.

आणि सर्टिफिकेटचं हे कुलूप माल खरा असल्याची खात्री देत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं! कर्नाटकचा आंबा ‘देवगड’ म्हणून भरला तरी पेटीवरची सुतळी घट्टच असते. फसव्या साइटवाल्यांकडेही सर्टिफिकेट असतं.

फुकटच्यात खोच आहे ती मुदतीची. ते साधारण ९० दिवसांत संपतं. यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. फराळ विकणाऱ्या एका काकूंच्या साइटवर मी हाताने सर्टिफिकेट बसवलं आणि पुढची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली. मग फोन बदलला. दिवाळीला दहा दिवस असताना, शनिवारी सकाळी काकूंचा फोन : ‘‘भाऊ, आमच्या दुकानाला सील लागलंय का?’’ सर्टिफिकेट संपलं की ब्राउझर नुसता शिक्का मारत नाही, पानभर इशारा देऊन गिऱ्हाईकाला दारातूनच परत पाठवतो. आधी काहीच नव्हतं तेव्हा निदान चकल्यांच्या ऑर्डरी येत तरी होत्या. तेव्हापासून मी हाताने एकही सर्टिफिकेट बसवलेलं नाही. मुदत संपायच्या महिनाभर आधी सर्व्हरने आपलं आपण नवं आणावं, अशी सोय करूनच उठतो. लेट्स एन्क्रिप्टकडून आठवणीचे ई-मेल यायचे, तेही जून २०२५पासून बंद झाले.

विकतच्यांची मुदतही आखडत चालली आहे : १५ मार्च २०२६पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १०० आणि २०२९च्या मार्चपासून ४७. वर्षाचे पैसे भरून निवांत राहायचे दिवस तिथेही संपले.

तेव्हा साइटवाल्याला विचारा : होस्टिंगच्या (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेच्या) पॅनेलमध्ये मोफत एसएसएल आहे का, आणि ते आपोआप नवं होतं का? बहुतेक ठिकाणी असतं. नसलं तर होस्टिंग बदलायचा विचार करा. साइटचा ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा जुना, उघडा पत्ता टाकणारा माणूसही ‘एचटीटीपीएस’वर, म्हणजे सर्टिफिकेटवाल्या पत्त्यावरच पोचला पाहिजे, हेही त्याच्याकडून करून घ्या. आंब्यांचे जुने फोटो ‘एचटीटीपी’च्या लिंकने टाकलेले असतील, तर ब्राउझर ते कधी कधी दाखवतही नाही, त्या लिंक बदलायला लावा. या कामाची मजुरी त्याला जरूर द्या, मात्र बिलावर ‘सर्टिफिकेट’ असं लिहून नको.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणाच्या नावावर आहे आणि त्याच्या नूतनीकरणाचा ई-मेल कोणाला जातो, ते बघा. साइटवाल्याच्या नावावर निघालं, तर पहिली पेटी बाजारात जायच्या आत ते तुमच्या नावावर करून घ्या.