हाताचं वाचलं की पायाचं विसरते

प्रश्न : मॅडम, धुळ्यात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. वार्षिक परीक्षा महिन्यावर आली. ॲनाटॉमीत हाताचं वाचलं की पायाचं विसरते. काय करू?
– एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : पोरी, पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून धरू नकोस. मी तेच केलं आणि बायोकेमिस्ट्रीला वेळच उरला नाही. कोऱ्या कागदावर ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं, काढ: सी ५ ते टी १ अशी ५ मुळं, त्यांचे ३ ट्रंक (खोडं). अडशील तिथेच पुस्तक उघड. ३ दिवसांनी पुन्हा कोरा कागद.

जळगावला घरी गेले की मी आईला बायोकेमिस्ट्रीतली क्रेब्स सायकल, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार होण्याचं चक्र, मोठ्याने सांगायचे. ती कळण्याची भाकरी थापत ऐकायची. मी अडखळले की तिचा हात थांबायचा. तिला बरोबर कळायचं.

तोंडीसाठी हाडं हातात घेऊनच बोल. आणि झोप मोडू नकोस गं.